स्टँडवरचं पान किती मोठं हवं?

बी फ्लॅटच्या जागी मी कीबोर्डवर बी वाजवला. गाणं पांढरी चारमध्ये, म्हणजे एफ मेजर. अंतऱ्याची शेवटची ओळ होती, गायिकेने एफवर सूर लांबवला होता आणि नेमका त्या स्थिर सुराखाली माझ्या हातून बी मेजर पडला. त्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यात, एफ शार्प असतो, एफपेक्षा अर्धा सूर वरचा. तिचा एफ आणि माझा एफ शार्प एकमेकांना घासले, तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी पुढच्याच ठोक्याला बोटं सरकवली. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानाला ते खुपलं असेल कुणास ठाऊक, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

चार्ट, म्हणजे गाण्याचे सूर आणि कॉर्ड लिहिलेलं पान, बरोबर होता. मीच लिहिला होता. घरी येऊन फाइल उघडली तर तो फ्लॅट, सूर अर्धा उतरवायची ती खूण, जिथे असायला हवी तिथेच होती, चांगली ठसठशीत. पण कार्यक्रमात मी कागद नेलाच नव्हता. महिनाभरापूर्वी घेतलेला दहा इंची टॅब्लेट स्टँडवर होता आणि त्याच्यावर तो फ्लॅट मला दिसला नाही.

गेली १९ वर्षं मी कीबोर्डवर साथ करते. त्यातली १६ वर्षं कागदावर गेली. तीन जाडजूड फायली, वर्णानुक्रमे लावलेल्या, प्रत्येक गाण्याचे एक-दोन पट्ट्यांतले चार्ट, पेन्सिलीच्या खुणा, खोडलेल्या पट्ट्या. कागदाबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती कागदाभोवतीच्या धावपळीची. उघड्यावर कार्यक्रम असला की कपड्यांचे चिमटे. गाण्यांचा क्रम मध्यंतरात बदलला की खाली वाकून फायलीत शोधाशोध. आणि गायिका विंगेत येऊन म्हणायची, “ताई, घसा जड वाटतोय, हे काळी चारऐवजी पांढरी पाचमध्ये घेऊया का?” मी “घेऊया” म्हणायचे आणि समोर काळी चारचा, म्हणजे जी शार्पमधला, चार्ट ठेवून डोक्यात एकेक कॉर्ड अर्धा सूर खाली उतरवत वाजवायचे. जमायचं, पण त्या गाण्यात मग तिच्याकडे माझं लक्ष नसायचं. माझं काम तर तिच्याकडे लक्ष देण्याचं आहे. टॅब्लेट घ्यायचं ठरवलं ते यासाठी.

घेताना मी जे पाहिलं ते सगळे पाहतात तेच पाहिलं. प्रोसेसर कुठला, रॅम किती, साठवण किती, बॅटरी किती तास. पडद्याबद्दल एवढंच पाहिलं की दहा इंच आहे आणि स्पष्ट आहे. मनाला एक आधारही होता: २०१२ मध्ये ब्रसेल्स फिलहार्मोनिकने वादकांसमोरचे कागद बाजूला करून गॅलॅक्सी नोट १०.१ टॅब्लेट ठेवले होते. एवढा मोठा वाद्यवृंद दहा इंचांवर वाचतो तर मला का जमू नये, असा माझा हिशोब. व्हायोलिनवाल्याला स्टँड थोडं पुढे ओढून घेता येतं, माझ्यापुढे मात्र एकावर एक दोन कीबोर्ड असतात आणि स्टँड त्यांच्या पलीकडे, ही गोष्ट त्या हिशोबात आलीच नव्हती.

त्या चुकलेल्या कॉर्डनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन बसले. या वेळी सुरांची नाही, मिलिमीटरची.

टॅब्लेट उभा धरला तर पडद्याची रुंदी भरली १३६ मिलिमीटर. माझे सगळे चार्ट एफोर कागदावर बनवलेले, त्याची रुंदी २१०. म्हणजे पूर्ण पान दाखवताना टॅब्लेट ते ६५ टक्क्यांवर आणत होता. कागदावर माझ्या पाच रेषांचा पट्टा सात मिलिमीटर उंच असतो. पडद्यावर तो साडेचार झाला होता. कॉर्डच्या नावातला फ्लॅट उंचीला जेमतेम दोन. मग माझ्या नेहमीच्या बैठकीत बसून डोळ्यापासून स्टँडपर्यंत टेप लावला: ८० सेंटिमीटर. पुस्तक आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. म्हणजे निम्म्याने कमी केलेला नाही तरी चांगला एक तृतीयांश कापलेला मजकूर मी दुप्पट लांबून वाचत होते, तेही ५१व्या वर्षी.

डोळ्यांचा मुद्दा इथेच उरकते, कारण तो अनेक जण टॅब्लेटच्या खात्यावर घालतात. चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. स्टँड त्या अंतरावर नसतं. मी ८० सेंटिमीटरचा आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी त्या अंतराचा वेगळा नंबर काढून दिला, आणि तो चष्मा आता कीबोर्डच्या बॅगेतच असतो. टॅब्लेट बदलण्याआधी हे करा. माझी अर्धी अडचण तिथेच सुटली. उरलेली अर्धी मात्र पडद्याचीच होती.

आता दुसऱ्यांदा चूक करायची नव्हती. आणि दुकानात टॅब्लेट हातात घेऊन काही कळत नाही, कारण तिथे तो आपण ४० सेंटिमीटरवर धरतो आणि सगळंच सुंदर दिसतं. तेव्हा एक गोष्ट सुचली आणि ती या सगळ्या खटाटोपातली माझी सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट आहे. मी माझा सगळ्यात गिचमिड चार्ट निवडला, दर मापात, म्हणजे तालाच्या एकेका खणात, दोन-दोन कॉर्ड आणि खाली शब्द असलेला, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टक्के बदलून त्याच्या पाच प्रती काढल्या: ७०, ७६, ८०, ८८ आणि ९४. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहिला. मुलीला सांगितलं, यातली कुठलीही एक स्टँडवर ठेव, मला आकडा सांगू नकोस. खोलीतला मोठा दिवा बंद करून फक्त स्टँडचा छोटा दिवा ठेवला आणि प्रत्येक प्रतीवरून गाणं अख्खं वाजवलं.

७० आणि ७६ ला मी पुढे झुकत होते. हे मला कळलंही नाही, मुलीने सांगितलं. “आई, तू कासवासारखी मान काढतेस.” ८० ला वाचता येत होतं, पण डोळा चार्टवरून उचलून हातांकडे नेला आणि परत आणला की ओळ सापडायला क्षणभर लागत होता. ८८ ला तो क्षण गेला. ९४ आणि ८८ मध्ये मला फरक सांगता आला नाही. तेव्हा माझा आकडा ठरला: ८८ किंवा जास्त. कुठल्याही कंपनीचं नाव अजून घेतलंही नव्हतं.

मग भूमिती. टॅब्लेटचा इंच म्हणजे कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ. आणि तिरक्या रेघेवर कुणी संगीत वाचत नाही. पान उभं असतं, त्यामुळे पडद्याची रुंदी आणि उंची या दोघींपैकी जी आधी अपुरी पडते ती पानाचा आकार ठरवते. सिनेमा पाहायला बनवलेले अनेक अँड्रॉइड टॅब्लेट १६:१० असे लांबोडके असतात. उभे धरले की उंची भरपूर, रुंदी कमी. आयपॅड पहिल्यापासून, म्हणजे २०१० पासून, ४:३ च्या चौरसपणाकडे झुकलेला. एफोर कागद या दोघांच्या मध्ये बसतो, त्याचं प्रमाण १.४१४.

मी बसून एकेकाचा हिशोब केला. १०.२ इंची ४:३ पडदा: १५५ बाय २०७ मिलिमीटर, एफोर पान ७० टक्क्यांवर. ११ इंची आयपॅड प्रोचा पडदा गंमतीचा आहे, त्याचं प्रमाण १.४३ च्या आसपास, म्हणजे आकाराने एफोरचं जवळजवळ सख्खं भावंड, पान वाया न जाता बसतं. पण भावंड धाकटं: ७६ टक्के. १२.४ इंची १६:१० पडदा ऐकायला मोठा वाटतो, पण त्याची रुंदी १६७ मिलिमीटरच. ८० टक्क्यांच्याही किंचित आतच. १२.९ इंची आयपॅड प्रो, जो पहिल्यांदा २०१५ मध्ये आला, त्याचा पडदा १९७ बाय २६२: ८८ टक्के. आणि मग गॅलॅक्सी टॅब एस८ अल्ट्रा किंवा त्याच्या नंतरचे अल्ट्रा, १४.६ इंची. मी त्यांची रुंदी काढली आणि पुन्हा काढली, कारण आकडा तोच येत होता: १९७ मिलिमीटर. १२.९ आणि १४.६, कर्णात पावणेदोन इंचांचा फरक आणि रुंदी सारखी. मोठ्याची सगळी जादा जागा उंचीत गेली आहे, त्याची उंची ३१४. त्यामुळे त्याच्यावर पान ९४ टक्क्यांनी बसतं.

इथे आणखी एक पायरी आहे जी मला उशिरा कळली. पानाचे समास. माझ्या चार्टला चारी बाजूंनी १५ मिलिमीटर कोरी जागा असते. कागदावर ती हवी, बोटाने धरायला, पंच करायला. पडद्यावर तिचा काही उपयोग नाही. फोरस्कोर किंवा मोबाइलशीट्ससारख्या अॅपमध्ये प्रत्येक पानाचे समास कापता येतात. ते कापले की उरतो १८० बाय २६७ चा मजकूर, आणि तो १२.९ वर ९८ टक्क्यांनी बसतो. म्हणजे जवळजवळ कागदाएवढाच. १२.४ वर ९३ टक्के. माझ्या जुन्या दहा इंचीवरसुद्धा ६५ चे ७६ झाले. हे आधी माहीत असतं तर कदाचित तो फ्लॅट मला दिसला असता. तेव्हा नवा टॅब्लेट घेण्याआधी असलेल्यावर समास कापून बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मी शेवटी १२.९ इंची आयपॅड प्रो घेतला, वापरलेला, २०१८ सालचा. नवीन घ्यायची गरज वाटली नाही, कारण पीडीएफचं पान दाखवायला कुठल्याही प्रोसेसरला घाम फुटत नाही. साठवणीचंही तेच. माझे सहाशेहून जास्त चार्ट एका छोट्या कोपऱ्यात मावले. वापरलेला घेताना मी दोनच गोष्टी पाहिल्या: बॅटरी, आणि पडद्यावर पांढरं पान उघडून त्यात कुठे डाग किंवा पिवळी झाक आहे का. पेन्सिल मात्र जपून घ्यावी लागते. ॲपलच्या पेन्सिलीच्या पिढ्या आहेत आणि कुठलीही पेन्सिल कुठल्याही आयपॅडला चालत नाही. २०१८ च्या प्रोला दुसऱ्या पिढीची लागते, ती कडेला चुंबकाने चिकटते आणि तिथेच चार्ज होते. गॅलॅक्सी टॅब एसच्या मालिकेतल्या बहुतेक टॅब्लेटांसोबत पेन येतं आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंगही लागत नाही, ते मला मनापासून आवडलं होतं. तालमीत खूप खुणा करणाऱ्याने हे वजनात धरावं.

वजनावरून. हातात धरून वाचणाऱ्यांना पन्नास ग्रॅमही कळतात. स्टँडवर ठेवणाऱ्याला वजन वेगळ्या ठिकाणी लागतं: स्टँडच्या मानेला. माझं घडीचं हलकं स्टँड या टॅब्लेटखाली हळूहळू पुढे कलायला लागलं, गाण्याच्या मध्यावर पान चेहऱ्याऐवजी माझ्या गुडघ्यांना दाखवू लागलं. भक्कम पत्र्याचं स्टँड घ्यावं लागलं. माइकच्या दांड्याला आवळायचे पकडीचे होल्डर मिळतात तेही चांगले, फक्त आपल्या टॅब्लेटचं माप त्यात बसतं का ते कव्हरसकट बघा.

इ-इंकच्या पडद्यांकडे माझा जीव खूप ओढला होता. कागदासारखे दिसतात, उन्हात तर एलसीडीपेक्षा कितीतरी छान, बॅटरी दिवसेंदिवस चालते. १३.३ इंचीवर एफोर पान ९१ टक्क्यांनी बसतं. २०१७ मध्ये आलेल्या ग्विडो नावाच्या जपानी उपकरणामध्ये तर असे दोन पडदे पुस्तकासारखे जोडलेले होते, दोन पानं समोरासमोर. पण मी अंधाऱ्या मंचावर बसते आणि या मोठ्या पडद्यांपैकी अनेकांना स्वतःचा उजेड नसतो, वर दिवा लावावा लागतो. शिवाय पान बदलताना पडदा एकदा काळा लुकलुकतो आणि मग नवं पान उमटतं. एका वादक मैत्रिणीचा होता, त्यावर तासभर वाजवून पाहिलं. संथ गाण्यात काहीच त्रास नाही. द्रुत लयीत त्या लुकलुकण्याने माझी नजर प्रत्येक वेळी अडखळली. दिवसाउजेडी, चर्चमध्ये, शाळेत, घरी सराव करणाऱ्यांसाठी मात्र मी तोच सुचवेन.

उन्हाचं बोललेच आहे तर: काचेचा टॅब्लेट थेट उन्हात ठेवू नका. ॲपल स्वतः आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते, आणि काळ्या कव्हरमधला काळा चौकोन उन्हात ३५ अंश कधीच ओलांडतो. तापला की तो आधी पडदा मंद करतो, मग तापमानाची सूचना दाखवून बंदच पडतो. दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमाला मी अजूनही कागदाची फाइल नेते. चिमट्यांसकट. आणि हो, पोलराइज्ड गॉगल लावून एकदा स्टँडकडे बघून घ्या. अशा गॉगलमधून काही पडदे उभे धरले की काळे दिसतात, आडवे धरले की दिसतात, किंवा उलट.

रात्रीच्या मंचावरचा प्रश्न उलटा. पूर्ण उजेडातलं पांढरं पान अंधारात चेहऱ्यावर टॉर्च मारल्यासारखं असतं, आणि समोरून फोटो काढले की माझा चेहरा निळा भुतासारखा. मी उजेड एक तृतीयांशावर आणते आणि अॅपमध्ये पानाला फिकट पिवळी झाक देते. काळ्यावर पांढरं करून पाहिलं, मला ते मानवलं नाही, पाच रेषा बारीक वाटतात. वरच्या स्पॉटलाइटची चमक काचेवर पडते तेव्हा टॅब्लेटपेक्षा स्टँडचा कोन बदलणं सोपं. ध्वनितपासणीच्या वेळी दिवेवाल्याला विनंती करून पूर्ण उजेड टाकायला सांगते आणि तेव्हाच कोन पक्का करते.

आता पेडल. टॅब्लेट घेतला आणि पेडल नाही घेतलं, तर निम्मंच काम झालं. पान उलटायला बोट उचलायचं असेल तर कागद काय वाईट होता? ब्लूटूथचं पेडल टॅब्लेटच्या दृष्टीने कीबोर्डच असतं, संगणकाचा. पाय दाबला की ते बाणाची किंवा पेज डाउनची कळ पाठवतं, आणि अॅप पान पुढे नेतं. त्यामुळे जवळजवळ कुठलंही पेडल कुठल्याही टॅब्लेटला चालतं, फक्त अॅपला ती कळ समजायला हवी. याच कारणाने एक गोंधळ होतो: पेडल जोडलेलं असलं की टॅब्लेटला वाटतं खराच कीबोर्ड जोडलाय, आणि गाण्याचं नाव शोधायला गेलं की पडद्यावरचा कीबोर्ड उमटत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मंचावर मला घाम फुटला. काही पेडलना पडद्यावरचा कीबोर्ड परत आणण्यासाठी वेगळी खूण असते. ती घरीच शिकून ठेवा.

माझा उजवा पाय सस्टेन पेडलवर, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पेडलवर, असतो, म्हणून पान उलटायचं काम डाव्याकडे. डाव्या पायाला हे शिकवायला तीन आठवडे गेले. पायाचा ठोका देण्याची सवय होती ना, ती आडवी यायची. तालाच्या नादात पाय पडला की पान पुढे! आता डाव्या पायाने ठोका देणं सोडलंय. पेडलखाली रबरी चटईचा तुकडा ठेवते, नाहीतर ते सरकत सरकत स्टँडच्या पायांपाशी जातं. आणि मागे जाणारं बटण मी बंदच करून टाकलंय. पुनरावृत्तीसाठी मागे जायची वेळ येऊ नये म्हणून ज्या गाण्यात मुखडा फिरून येतो त्याचं पान पीडीएफमध्येच पुन्हा जोडते. दोन पानांचा चार्ट पाच पानांचा होतो, होऊ दे. पायाला एकच दिशा माहीत असली की डोकं मोकळं राहतं.

अर्ध्या पानाने उलटायची सोयही वापरून पाहाच. वरच्या अर्ध्यात पुढचं पान येतं आणि खालच्या अर्ध्यात चालू पान तसंच राहतं. शेवटच्या दोन ओळी वाजवताना पाय दाबायचा, डोळा खालून वर जातो तेव्हा पुढची ओळ तिथे आधीच वाट बघत असते. पान नेमक्या ठोक्याला बदलायचं दडपणच जातं.

अॅपवरून थोडं. फोरस्कोर फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं, मोबाइलशीट्स अँड्रॉइड आणि विंडोजवरून आलेलं. दोन्हींत गाण्यांच्या याद्या, समास कापणं, खुणा, पेडल हे सगळं आहे. पण मला कॉर्ड आपोआप दुसऱ्या पट्टीत हवे होते, आणि पीडीएफ म्हणजे पानाचं चित्र, त्यातले कॉर्ड अॅपला कळत नाहीत. त्यासाठी चार्ट मजकुराच्या रूपात लागतो, कॉर्डप्रो पद्धतीत: शब्दांच्या मध्येच चौकटी कंसात कॉर्डचं नाव. ही पद्धत समजणारं अॅप ते कॉर्ड ओळीच्या वर दाखवतं आणि पट्टी बदलली की सगळे बदलतं.

देवनागरी शब्दांवर हे करताना मात्र सुरुवातीला फार अडले. माझे जुने चार्ट वर कॉर्डची ओळ आणि खाली शब्दांची, मध्ये स्पेस मारमारून जुळवलेले. इंग्रजीत एकसारख्या रुंदीचा टंक घेतला की ते जुळून राहतं. देवनागरीत ‘क’ आणि ‘ण’ आणि ‘स्त्री’ यांच्या रुंदी वेगळ्या, टंक बदलला की सगळे कॉर्ड सरकतात. एका गाण्यात जी मायनर दोन अक्षरं पुढे गेला होता. कॉर्डप्रोमध्ये कॉर्ड अक्षरालाच बांधलेला असतो, म्हणून तो सरकत नाही. पण कंस कुठे टाकायचा ते जपावं लागतं. ‘प्रेम’ शब्दात कॉर्ड ‘प्रे’च्या आधी किंवा ‘म’च्या आधीच हवा. चुकून ‘प्र’ आणि त्याच्या मात्रेच्या मध्ये पडला की मात्रा सुटी होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते, आणि जोडाक्षराच्या मध्ये पडला तर पाय मोडलेलं अक्षर दिसतं. गाताना एक स्वर लांबवून त्याच्या मध्यावर कॉर्ड बदलतो तिथे मी अक्षरानंतर दोन टिंबं देते आणि कॉर्ड त्या टिंबांवर टांगते. साडेतीनशे गाणी अशी पुन्हा टंकली. रोज रात्री तीन-चार. गायिकेने पट्टी बदलली की आता एक टिचकी, आणि माझे डोळे पुन्हा तिच्या श्वासाकडे.

कार्यक्रमाआधीचं माझं ठरलेलं आहे. विमान मोड लावते आणि फक्त ब्लूटूथ परत चालू करते. पडद्याला आपोआप कुलूप लागणं बंद. आपोआप उजेड बंद, पडदा फिरणं बंद, अपडेट बंद. जुन्या टॅब्लेटवर एकदा नेमक्या इंटरल्यूडमध्ये कुणाचा तरी शुभेच्छांचा संदेश वरच्या दोन ओळींवर येऊन बसला होता, तेव्हापासून हे कधी चुकलेलं नाही. आयपॅडमध्ये एकाच अॅपला कुलूप लावण्याची गाइडेड ॲक्सेस नावाची सोय आहे, अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिनिंग. घामेजलेलं बोट कुठेही लागलं तरी आपण अॅपच्या बाहेर पडत नाही. जुना दहा इंची टॅब्लेट मी टाकून दिला नाही. त्याच्यावर तीच गाणी, समास कापून, आणि तो स्टुलाखालच्या पिशवीत असतो. त्याच्याखाली त्या दिवसाच्या गाण्यांच्या कागदी प्रती. आजवर दोनदा लागल्या, दोन्ही वेळा पाच सेकंदांत स्टँडवर आल्या.

बोरोमिओ स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवादकांचा गट, लॅपटॉपवरून पेडलने पानं उलटत वाजवतो, आणि चौघांपैकी प्रत्येक जण फक्त आपला भाग न वाचता चौघांचा एकत्र स्कोअर वाचतो, हे वाचलं तेव्हापासून मीही एक बदल केला आहे. पूर्वी माझ्या चार्टवर माझंच असायचं. आता त्यात गायिकेचे शब्द, बासरीचा पीस, ड्रमचा थांबा असं सगळं लिहिते. कागदावर त्यासाठी जागा आणि पानं उलटायला तिसरा हात लागला असता. आता पायाला दोन पानं जास्त उलटावी लागतात, एवढंच.

मागच्या महिन्यात आमच्या गिटारवादकाने विचारलं, कुठला घेऊ? नाव सांगायच्या आधी मी त्याला त्याच पाच प्रती दिल्या, मागे पेन्सिलीचे आकडे असलेल्या. तो उभा राहून वाजवतो, टॅब्लेट माइकच्या दांड्याला लावणार, डोळ्यापासून हातभर अंतरावर. आणि तो २६ वर्षांचा आहे. ७६ च्या प्रतीवरून त्याने गाणं एकदाही न झुकता वाजवलं, ७० वरही जवळजवळ तसंच. माझ्या टॅब्लेटएवढा मोठा पडदा त्याने होल्डरवर लावून पाहिला तर त्याच्याआड गाणारीच दिसेना. त्याने ११ इंची घेतला.